मडगार्ड, सिल आणि फ्लोअरचा सडलेला पत्रा: घरी बनवलेल्या पॅनेलने दुरुस्ती करताना

तुमची गाडी साठच्या दशकातली, वेगळी चॅसिस नसलेली चारदारी. पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा गेलाय, एका बाजूची सिल (दाराखालची लांब पोकळ पेटी) कुजलीय आणि त्याच बाजूचा पायाखालचा फ्लोअर बोटाने दाबला तर आत जातो. तयार पॅनेल कुठे मिळत नाहीत. हाताशी ग्राइंडर, छोटा मिग वेल्डर (तार आपोआप पुढे सरकवणारा) आणि हातोडे आहेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पत्रा किती जाडीचा घ्यावा, जुन्या वॉशिंग मशीनचा पत्रा चालेल का, आणि पॅच वरून बसवून वेल्ड करावा की सडका भाग कापून कडेला कड लावावी.

घरी हे काम नक्की होतं. तुम्ही सांगितलेले तिन्ही भाग एकाच दिशेने वळलेले किंवा सपाट असतात, त्यामुळे साध्या हत्यारांनी घडवता येतात. दोन्ही दिशांनी फुगलेला भाग, म्हणजे मडगार्डचा वरचा घुमट किंवा डिकीचा कोपरा, असता तर उत्तर वेगळं दिलं असतं. मात्र पॅनेल कसं घडवायचं याआधी जोड कुठे येणार हा प्रश्न सोडवायला हवा. पॅच कितीही सुबक बनवला तरी जोड चुकीच्या जागी आला की पत्रा वाकडा होतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत शेजारी नवीन भोक पडतं.

काही गोष्टी गाडी पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. सस्पेन्शनचे माउंटिंग, जॅक लावायची जागा, सीटबेल्टचे बोल्ट यांच्यापर्यंत गंज पोचला असेल तर तो गाडीचा सांगाडाच आहे. तिथल्या दुरुस्तीबद्दल प्रत्येक देशाच्या वाहन तपासणीचे नियम वेगळे असतात. काही ठिकाणी अखंड वेल्डिंगच लागतं, प्लग वेल्ड (वरच्या पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरणं) चालत नाहीत. ते नियम पत्रा कापण्याआधी बघून घ्या.

आधी चांगला पत्रा कुठून सुरू होतो ते शोधा. बाहेरून दिसणारं भोक हा गंजाचा शेवटचा टप्पा असतो. या भागांत गंज बहुतेक वेळा आतून सुरू होतो: मडगार्डच्या मागच्या पोकळीत चिखल साठतो, सिलमधली पाणी जायची भोकं बुजतात, फ्लोअरवरच्या कार्पेटखालचा नमदा ओला राहतो. म्हणून बाहेर करंगळीएवढं भोक असेल तर आत तळहाताएवढा पत्रा पातळ झालेला असतो. आसपासचा रंग आणि जुनी पुट्टी पूर्ण काढा. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं की पुट्टी कुठे जाड आहे ते कळतं. तिथे ते धरत नाही. मग टोकदार पंचाने हलक्या हाताने ठोकत बाहेरच्या दिशेने जा. चांगला पत्रा टणक आवाज देतो आणि पंच उडतो, सडलेला बद्द वाजतो आणि पंच रुततो. शेवटी कापायच्या रेषेवर मायक्रोमीटर लावा. मूळ पत्रा 0.9 मिमी असेल आणि रेषेवर 0.6 भरत असेल तर रेषा आणखी बाहेर न्या. पातळ झालेल्या कडेवर आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, लागली की भोक पडतं, ते भरताना मोठं होतं, आणि माणूस दिवसभर भोकांच्या मागे धावत राहतो. पहिल्यांदा वेल्डिंग करणारे मशीनला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा कापायची रेषा सडक्या पत्र्याच्या फार जवळ घेतली हेच असतं. पंचाला शेवटचा मऊ ठिपका लागला त्याच्यापुढे किमान 20 ते 25 मिमी सोडून कापा.

कापायची रेषा आखताना तीन गोष्टी पाळा. कोपरे टोकदार ठेवू नका, 20 मिमीच्या आसपास गोलाई द्या. टोकदार कोपऱ्यात दोन्ही बाजूंची उष्णता एकत्र येते आणि पुढे तडाही तिथूनच जातो. जोड मोठ्या सपाट भागाच्या मधोमध आणू नका, चांगला पत्रा थोडा जास्त कापावा लागला तरी चालेल. जोड घडीजवळ, कडेजवळ किंवा जिथे पत्रा वळतो तिथे न्या. वळलेला पत्रा स्वतःचा आकार धरून ठेवतो, सपाट पत्र्यात ती ताकद नसते. आणि जोडाच्या मागे हात किंवा डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) पोचते ना ते बघा. न पोचणाऱ्या जागी वेल्ड सरळ करता येत नाही आणि मागून रंगही देता येत नाही.

आता पत्रा. या वयाच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण 0.8 ते 1.0 मिमी, फ्लोअर 1.0 च्या आसपास आणि सिल 1.0 ते 1.2 मिमी असते. अंदाजावर जाऊ नका, स्वच्छ भाग मोजा आणि तेवढ्याच जाडीचा घ्या. जाड पत्रा जास्त टिकेल हा समज नुकसान करतो. वेल्ड करताना जाड बाजू उष्णता खेचून घेते आणि पातळ बाजू जळते. शिवाय 1.2 मिमीचा पत्रा हाताने वळवणं 0.9 च्या मानाने खूप जड जातं. बाजारात सीआरसीए म्हणून मिळतो तो थंड स्थितीत लाटून नंतर मऊ केलेला पत्रा घ्या. त्यातही ड्रॉइंग ग्रेड मिळाला तर उत्तम, कारण तो ताणताना फाटत नाही.

वॉशिंग मशीनचा पत्रा या कामाला नको. असे पत्रे बहुतेक जस्ताचा मुलामा दिलेले किंवा भट्टीत रंग भाजलेले असतात. जस्त जळताना निघणारा पांढरा धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहून जोड पोकळ होतो. पत्रा पातळही असतो आणि त्याचा दर्जा कळायला मार्ग नसतो. नमुना म्हणून घडी घालून बघायला मात्र तो चांगला आहे. अॅल्युमिनियमचाही विचार करू नका. ते पोलादाला वेल्ड होत नाही, आणि दोन धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की गंज वेगाने वाढतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भागानुसार बदलतं. मडगार्डसारख्या दिसणाऱ्या पत्र्याला कडेला कड, म्हणजे बट जोड. एकावर एक चढवलेल्या जोडात दोन पत्र्यांची दुहेरी जाडी होते. उन्हात ती पट्टी बाकीच्या पत्र्यापेक्षा वेगळ्या गतीने तापते आणि रंग दिल्यावर काही महिन्यांनी पॅचची बाह्यरेषा उमटते. त्याहून वाईट म्हणजे दोन पत्र्यांच्या फटीत ओल शिरते आणि तिथे रंग पोचत नाही. फ्लोअरला मात्र 12 ते 15 मिमीचा चढता जोड योग्य आहे, कारखान्यातही तो तसाच असतो. चढवताना कौलांची रचना आठवा: गाडीखाली पुढच्या पत्र्याची कड मागच्या पत्र्याच्या खाली यायला हवी, म्हणजे चाकाने उडवलेलं पाणी उघड्या कडेत घुसत नाही. सिलचा खालचा आणि वरचा काठ मूळ गाडीत जसा स्पॉट वेल्डने (कारखान्यात दोन पत्रे दाबून केलेल्या ठिपक्यांच्या वेल्डने) जोडला होता तिथेच प्लग वेल्डने जोडायचा.

काम फ्लोअरपासून सुरू करा, मडगार्ड शेवटी. फ्लोअर झाकला जातो, तिथे हात बसतो. पण फ्लोअर आणि सिल एकाच वेळी कापू नका. वेगळी चॅसिस नसलेल्या गाडीत सिल हा गाडीच्या लांबीला जाणारा मुख्य आधार असतो. ती काढली की मधला भाग खाली बसतो आणि दार पुन्हा लागत नाही. म्हणून आधी दाराच्या चौकटीत 25 मिमीचे चौकोनी पाइप टाका: एक आडवा बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, एक तिरपा. स्टँड सस्पेन्शनच्या जागांखाली लावा, म्हणजे बॉडीवरचा भार रस्त्यावर असतो तसाच राहतो. मधोमध जॅक लावून उचललेली गाडी वेगळ्याच आकारात असते आणि वेल्ड केल्यावर त्याच आकारात कायमची अडकते. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा आणि एका वेळी एकच बाजू उघडा.

जुने स्पॉट वेल्ड काढायला 8 मिमीचं स्पॉट वेल्ड ड्रिल वापरा आणि फक्त वरचा थर कापा. आतला पत्रा शाबूत राहिला तर त्यावर नवीन सिल बसते.

सिलचा साचा आधी जाड पुठ्ठ्यावर बनवा. कुजलेली सिल काढण्याआधी तिचा आडवा छेद दोन-तीन ठिकाणी पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, आणि दुसऱ्या बाजूची सिल चांगली असेल तर तिच्याशी ताडून बघा. सपाट पत्रा कापताना घडीचा हिशोब विसरू नका: 1 मिमी पत्र्यात काटकोनी घडीला बाहेरच्या मापांच्या बेरजेतून सुमारे 2 मिमी वजा होतात. तीन घड्यांच्या सिलमध्ये ही चूक 6 मिमीची होते आणि दार घासतं. आधी 50 मिमी रुंद पट्टीवर सगळ्या घड्या घालून बघा, मगच पूर्ण लांबी कापा. बेंडिंग मशीन नसेल तर दोन जाड अँगलच्या मध्ये पत्रा पकडून, लाकडी ठोकळा ठेवून, संपूर्ण लांबीवर एका फेरीत 10 ते 15 अंश एवढंच दाबा. एका टोकाला पूर्ण घडी घालून पुढे सरकलात तर कडा ताणली जाते आणि सिल केळ्यासारखी वाकते.

फ्लोअरच्या पॅनेलला मूळ गाडीत उठावदार पट्ट्या असतात. त्या दिसायला छान म्हणून नसतात. पत्र्याला ताठपणा देतात, नाहीतर फ्लोअर ढोलासारखा वाजतो. कठीण लाकडाच्या फळीत खाच करा, पत्रा त्यावर क्लॅम्पने आवळा आणि गोल कडेच्या लोखंडी पट्टीने तीन-चार फेऱ्यांत खोल करत न्या. पट्टी उठताना शेजारचा पत्रा ओढून घेते, त्यामुळे पॅनेल सगळ्या बाजूंनी 15 मिमी मोठं ठेवा आणि शेवटी कापा. हाच नियम सगळीकडे: आधी आकार, मग माप.

मडगार्डच्या कोपऱ्यात एक अवघड जागा येते, चाकाच्या कमानीची आत दुमडलेली कड. ही कड दुमडताना पत्रा ताणावा लागतो, कारण कमानीच्या आतल्या, लहान वर्तुळावरचा पत्रा वळून मोठ्या वर्तुळावर येतो. एकदम दुमडला तर फाटतो. कड कानसेने गुळगुळीत करा, कटिंग डिस्कने पडलेली प्रत्येक बारीक खाच हे फाटण्याचं तोंड असतं. मग 15 अंशाच्या टप्प्याने, डॉलीवर ठोकत वळवा. उलट बाहेरच्या गोल कडेला, म्हणजे थाळीच्या कडेसारखी कड दुमडताना, पत्रा जास्त होतो आणि चुण्या पडतात. तिथे चुणी आत पकडून लाकडी हातोडीने दाबत आकसवावी लागते. कुठे ताणायचं आणि कुठे आकसवायचं हे ठोकण्याआधी ठरवा. चुकीच्या जागी ताणलेला पत्रा परत आणणं फार कष्टाचं असतं. हलका फुगवटा हवा असेल तर वाळूच्या पिशवीवर, गोल लाकडी हातोडीने, मधून बाहेर ठोकत जा. नंतर हातोडा आणि डॉलीने गुळगुळीत करा.

वेल्डिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक कामं इथेच बिघडतात. पत्र्याचा एक ठिपका तापला की त्याला पसरायचं असतं, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मग तो ठिपका जागच्या जागी जाड होतो. थंड होताना आकसतो आणि आधीपेक्षा लहान होतो. प्रत्येक टॅकने, म्हणजे वेल्डच्या एकेका ठिपक्याने, जोडाची रेषा थोडी थोडी आखूड होते, आणि आखूड रेषेशेजारचा पत्रा सैल पडून फुगतो. अंगठ्याने दाबला तर डबकन आत जातो आणि परत येतो. इथे सगळेजण फुगलेला भाग ठोकतात. त्याने तो आणखी ताणतो आणि फुगवटा वाढतो. दोष वेल्डमध्ये आहे, म्हणून ताणायचंही वेल्डलाच: मागे डॉली घट्ट धरून वेल्डच्या रेषेवर हातोडा. रेषा पुन्हा लांब झाली की फुगवटा आपोआप बसतो.

म्हणून प्रत्यक्ष पद्धत अशी. मिगला 0.6 मिमीची तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. आधी त्याच जाडीच्या कचऱ्यातल्या तुकड्यांवर सेटिंग करा. टॅक मागच्या बाजूला उमटायला हवा. फट 0.6 ते 0.8 मिमी, सगळीकडे सारखी. एका जागी 2 मिमी आणि पुढे शून्य असेल तर पॅच पुन्हा कानसून बसवा, फट वेल्डने भरायचा मोह टाळा. दोन्ही कडा चकचकीत, मागच्या बाजूलाही 20 मिमीपर्यंत रंग-गंज काढलेला. पहिला टॅक एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मधोमध, मग उरलेल्या अंतरांचे अर्धे-अर्धे, 25 मिमी अंतर होईपर्यंत. पत्र्यावर तळहात ठेवून कोमट लागला तरच पुढचा टॅक. ओलं फडकं लावून थंड करू नका, तो घाईने आकसतो. दहा-बारा टॅक झाले की फ्लॅप डिस्कने फक्त उंचवटा काढा, डॉलीवर वेल्ड ताणा, मग पुढच्या फेरीचे टॅक आधीच्यांच्या मधे. अशा चार-पाच फेऱ्यांत रेषा भरते. सलग रेघ ओढू नका, 20 सेंटिमीटरची सलग रेघ पूर्ण मडगार्ड वाकवते. भोक पडत असेल तर मागे तांब्याची पट्टी धरा, वेल्ड तांब्याला चिकटत नाही. मिगचा वेल्ड कडक असल्याने तो ताणायला वेळ लागतो. टिग (टंगस्टनच्या टोकाने, तार हाताने घालून करायचं वेल्डिंग) येत असेल तर फट न ठेवता त्याने करा, वेल्ड मऊ राहतो.

ग्राइंडिंग करताना पत्रा निळा पडला तर तुम्ही पुन्हा तेवढीच उष्णता घातली आहे. शेवटचा अर्धा मिलिमीटर कानसेने काढणं मला नेहमी सुरक्षित वाटतं. कानस उंच-सखलही दाखवते.

प्लग वेल्डसाठी वरच्या पत्र्याला 6 ते 8 मिमीची भोकं, साधारण 30 ते 40 मिमी अंतरावर, किंवा मूळ स्पॉट वेल्ड होते त्याच जागी. पत्रे क्लॅम्पने पूर्ण चिकटलेले हवेत आणि आर्क आधी खालच्या पत्र्यावर लावून मग भोक भरायचं. फक्त भोकाच्या कडेवर फिरवलेला वेल्ड दिसतो छान, पण खालचा पत्रा धरत नाही. एक नमुना करून छिन्नीने उचकटून बघा: खालच्या पत्र्याचा तुकडा वेल्डबरोबर निघाला तर पक्का. सिल पूर्ण वेल्ड करण्याआधी क्लॅम्पवर ठेवूनच दार बसवा, लावून बघा, सगळ्या बाजूंची फट तपासा आणि कर्ण पुन्हा मोजा.

आगीबद्दल हे कृपया मनावर घ्या. बॅटरी सोडा. वेल्डिंगच्या जवळ टाकी किंवा पेट्रोलचा पाइप असेल तर तो काढून बाहेर ठेवा. कार्पेट, सीट, नमदा, खालचं डांबरी अंडरकोट 30 सेंटिमीटरपर्यंत साफ. सिलच्या पोकळीत जुनं मेण असेल तर ते आतून पेटतं आणि धूर दिसेपर्यंत उशीर होतो. काम संपल्यावर तासभर गाडीजवळ थांबा. पत्रा क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसून वेल्ड करू नका, त्याच्या वाफेपासून आर्कमध्ये फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. साठच्या दशकातल्या गाड्यांच्या सांध्यांत कारखान्यातच शिसं भरलेलं असू शकतं. ग्राइंडरखाली राखाडी, मऊ, न गंजलेला धातू दिसला तर ग्राइंडर थांबवा. त्याची धूळ अंगात जाऊ देऊ नका, आणि त्यावर वेल्डही धरत नाही. मास्क लावून, हवा खेळती ठेवून, मंद ज्योतीने वितळवून काढा.

आता वेल्डच्या मागच्या बाजूकडे. दुरुस्ती किती वर्षं टिकेल ते इथे ठरतं. चढत्या जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांना वेल्डिंगआधी जस्तयुक्त वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतो असा) लावा, प्लगच्या भोकात मात्र उघडा पत्रा ठेवा. वेल्डच्या लगत तो प्रायमर जळतोच, म्हणून नंतर मेण लागतंच. उघड्या पत्र्याला आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यांचं सीलर. सीलर थेट उघड्या पत्र्यावर लावलं तर त्याच्या मागे गंज लपून वाढतो. बाहेर पुट्टी इपॉक्सीवर, 2 मिमीपेक्षा जाड नको. जास्त लागत असेल तर पत्रा अजून सरळ झालेला नाही. शेजारच्या चांगल्या पत्र्यावर बारीक खड्ड्यांत गंज उरला असेल तर फॉस्फरिक आम्लाचं द्रावण चालतं, पण ते पूर्ण धुऊन वाळवा, नाहीतर इपॉक्सी सुटतो. भोक पडलेल्या पत्र्यावर कोणतंही द्रावण काम करत नाही, पत्राच उरलेला नसतो.

रंग झाल्यावर, त्याआधी नाही, सिलमध्ये आणि मडगार्डच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारा, फवारा सगळ्या दिशांना फेकणारा हवा. नळी शेवटच्या टोकापर्यंत घालून हळूहळू बाहेर ओढा आणि खालच्या भोकांतून मेण टपकू लागेपर्यंत थांबू नका. नवीन सिलमध्ये सर्वांत खालच्या जागी 8 ते 10 मिमीची पाणी जायची भोकं ठेवायची विसरला असाल तर मेणाआधी ती पाडा आणि कडांना रंग द्या. मेण बसल्यावर त्या भोकांत तार घालून ती मोकळी आहेत ना ते बघा, आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा बघा. ज्या चिखलाने जुनी सिल खाल्ली तो नवीन सिलमध्येही त्याच वाटेने येणार आहे.